तळघरातलं गवत

काकांच्या रेल्वेत रेल्वे नसायची. म्हणजे इंजिन होतं, डबेही होते, पण ते सगळं एका बुटांच्या खोक्यात, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवलेलं असायचं. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये टेबलटेनिसच्या टेबलाएवढ्या प्लायवुडवर त्यांनी एक छोटं स्टेशन उभारलं होतं. एक बुटका फलाट, एक कौलारू खोली, एक कडुनिंब, पाण्याची टाकी आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेले अरुंद रूळ. पाहायला आलेला माणूस दोन मिनिटं कौतुक करायचा आणि मग हमखास विचारायचा, "काका, गाडी कुठाय?"

काका मनगटावरचं घड्याळ बघायचे. "वेळ नाही झाली."

त्यांची गाडी दिवसातून दोनदा यायची, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. मधल्या वेळात कोणी कितीही गळ घातली तरी खोकं उघडायचं नाही. "आमच्या गावच्या स्टेशनात दिवसभर गाडी नसायचीच यार," ते म्हणायचे. "सगळे म्हणतात रेल्वे बनवा. मी स्टेशन बनवून राहिलो." ओळखीतल्या एका कुटुंबाची मुलगी बराच वेळ ताटकळून शेवटी म्हणाली, "अंकल, धिस इज सो बोरिंग," तर काकांचा चेहरा खुलला. "करेक्ट! असंच बोअर व्हायचं तिथं," असं म्हणून त्यांनी तिला चॉकलेट दिलं.

मी तेव्हा पुण्याहून नवीनच आले होते. शिकागोतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेत होते. स्वभावानं मी मूळचीच भोचक, त्यामुळे नोकरी आणि स्वभाव यांचं उत्तम जमलं. काका त्याच ऑफिसात एका जुनाट मेनफ्रेम संगणकाची देखभाल करायचे. वय जेमतेम पन्नाशीचं, पण सगळे त्यांना काका म्हणायचे. आमचा कोरियन मॅनेजरही म्हणायचा, कारण त्याला ते त्यांचं आडनाव वाटत होतं. आम्ही दोघं सकाळी नेपरव्हिलहून एकाच ट्रेननं शहरात जायचो. गाडी येताना दिसली की बाकीचे पुढे सरकायचे आणि काका मागे वळून गाडी जिकडे जाणार त्या रिकाम्या रुळांकडे बघत राहायचे.

ऑफिसातही त्यांचं काही ना काही चालूच असे. कॉफी ढवळायच्या लाकडी काड्या ते मूठभर उचलायचे, त्यांचे रुळांखालचे स्लीपर व्हायचे. वापरलेल्या टी-बॅग फाडून आतली पूड खिडकीत कागदावर वाळत घालायचे, तिची माती व्हायची. एकदा मीटिंगला आलेल्या बड्या साहेबानं तो कागद पाहून, हे काय आहे, असं विचारलं. "सॉइल," काका शांतपणे म्हणाले आणि मीटिंग पुढे सुरू झाली. घरी मात्र त्यांच्या अंगणातलं गवत नेहमी वाढलेलं असायचं. त्यावरून वसाहतीच्या असोसिएशनच्या ताकिदी यायच्या. काकू चिडून शेजारच्याला सांगून गवत कापून घ्यायच्या आणि त्या दिवशी काका अंगणात फिरकायचेही नाहीत. हा माणूस आळशी नाही हे मला ठाऊक होतं. मग हे काय आहे, ते मला कळेना, आणि मला कळलं नाही की माझं अन्न पचत नाही.

एका डिसेंबरात मी पुण्याला जायला निघाले, तेव्हा काकांनी एकच वस्तू आणायला सांगितली: डास मारायची रॅकेट. मी खिडकीबाहेर पाहिलं. गुडघाभर बर्फ होता.

"काका, डास?"

"डासाचं काय काम? आतलं सर्किट पाहिजे. गवत उभं करायचं आहे."

त्यांनी समजावून सांगितलं ते असं. छोट्या रेल्वेच्या देखाव्यात जे गवत लावतात, ते म्हणजे नायलॉनचे बारीक तुकडे असतात, शेवयांच्या चुऱ्यासारखे. नुसते गोंदावर भुरभुरले तर आडवे पडतात आणि हिरवी बुरशी आल्यासारखं दिसतं. ते उभे करायला वीज लागते. एक तार धातूच्या गाळणीला जोडायची, दुसरी तार खिळ्याला, आणि खिळा ओल्या गोंदात खोचायचा. रॅकेटचं सर्किट दोन्हींच्या मध्ये भरपूर व्होल्टेज तयार करतं. गाळणीत गवत घालून हलवलं की प्रत्येक तुकडा ताठ होऊन खाली येतो आणि गोंदात रोवला जातो. असं यंत्र तयारही मिळायचं, पण काकांना विकतच्या यंत्रात रस नव्हता. विकतचं बिघडलं की फेकावं लागतं आणि आपलं बिघडलं की समजून घेता येतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी रॅकेट आणली. काकांनी काकूंच्या स्वयंपाकघरातून चहाची स्टीलची गाळणी पळवली. काकू त्या दिवसापासून चहा फडक्यानं गाळू लागल्या आणि चहा देताना प्रत्येकाला ते सांगूही लागल्या. एका शनिवारी सकाळी यंत्र तयार झालं. काकांची रोजची बुद्धवंदना आटोपली, उदबत्तीचा वास अजून जिन्यात होता, आणि आम्ही खाली जमलो. काकांनी वीतभर जागेत गोंद पसरला, खिळा खोचला, गाळणीत गवत घातलं, बटण दाबलं आणि गाळणी हलवली.

गवताचे गोळे गोळे खाली पडले. पावसात भिजलेल्या मांजरासारखं दिसत होतं ते.

"हं," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात निराशा नव्हती. उलट कोणी तरी नवीन कोडं घातल्यासारखे ते पुढे वाकून बघत होते.

पुढचे कित्येक शनिवार आम्ही त्या यंत्राच्या मागे लागलो. काकांचा नियम होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर आधी चहा प्यायचा. त्यांनी सेल बदलले. तारांचे डाग उखडून नव्यानं दिले. गोंद पातळ केला, मग घट्ट केला. खिळा जवळ आणला. गाळणी वर धरली, खाली धरली. हिवाळ्यात घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या हवेनं घर कोरडं पडतं म्हणून काकूंचं मोठं पातेलं खाली आणून त्यात पाणी उकळत ठेवलं. त्या वाफेनं कडुनिंबाची पानं गळाली, गवत काही उठलं नाही. या सगळ्यात काकांना मधूनमधून सणसणीत झटके बसायचे. झटका बसला की ते खुर्चीत टेकायचे, हात झटकायचे आणि म्हणायचे, "करंट तर आहे बाप्पा." खिळा गाळणीजवळ नेला की निळी ठिणगी टक्‌ करून उडायची. यंत्र ठणठणीत होतं, तरी आम्ही त्यालाच उलटं टांगून चौकशी करत होतो.

मला एक गोष्ट खटकत होती. या माणसाला कसलीच घाई नसायची. मेनफ्रेम बंद पडली, चार मॅनेजर डोक्यावर उभे राहिले, तरी काका आधी हात धुऊन यायचे. पण या गवताच्या बाबतीत त्यांची नजर सारखी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जायची. शेवटी एका शनिवारी मी विचारलंच. "काका, एवढं काय अडलंय? आडवं तर आडवं. लांबून कोणाला कळतंय?"

ते तारेला डाग देत होते. मान वर न करता बोलू लागले.

"येत्या एप्रिलमध्ये माझी मोठी बहीण येऊन राहिली. बाई म्हणतो आम्ही तिला. किती वर्षांपासून बोलवून राहिलो, ती म्हणे, तुझ्या मॉलात मी काय पाहू, रस्ते काय पाहू. मग मागच्या दिवाळीत फोनवर माझ्या तोंडून निघून गेलं, बाई, इथं तुझं गवत आहे, ते पाहायला ये. तर म्हणाली, हो काय? मग येतो."

"तुझं गवत म्हणजे?"

"लाईनच्या कडेचं. आमच्या गावच्या स्टेशनात रुळाच्या दोन्ही बाजूनं व्हायचं. पाऊस सरला की तिच्या कमरेएवढं. आई नव्हती आमची. बाई पहाटे विळा घेऊन जायची, कापायची, स्टेशनाबाहेर टांगेवाल्यांना विकायची. त्यात घर चाललं, माझी शाळा झाली." त्यांनी डागावर फुंकर घातली. "एकदा मला म्हणाली, हे एखाद्या वर्षी असंच ठेवून पाहिलं पाहिजे रे, किती उंच होते ते. कधी ठेवलं नाही. ठेवणार कसं? तिला उभं गवत दिसलं की हातात विळाच असायचा. म्हणून मला उभं पाहिजे. आडवं पडलेलं गवत तिनं जन्मभर पाहिलं."

अंगणातल्या गवताला हात न लावणारा हा माणूस मला त्या क्षणी कळला, आणि इतके दिवस मी त्याला मनातल्या मनात विक्षिप्त म्हणून हसत होते, याचं मला वाईट वाटलं. फेब्रुवारी संपत आला होता. बाईंचा व्हिसा झाला होता, तिकीटही निघालं होतं.

पुढच्या शनिवारी काका चहा आणायला वर गेले आणि मी एकटी खाली राहिले. एकटं राहिलं की माझे हात शिवशिवतात. फळीवर रंगाच्या बाटल्यांमागे मला एक न फोडलेलं पाकीट सापडलं. तेच गवत होतं, पण रंग भडक, गोल्फच्या मैदानासारखा हिरवागार. म्हटलं, बघू तरी. कोपऱ्यात बोटभर गोंद लावला, खिळा खोचला, गाळणीत ते हिरवं घातलं आणि बटण दाबलं.

गवत उभं राहिलं. सगळं. गुरुजी वर्गात आल्यावर पोरं उभी राहतात तसं, एकदम.

काका दोन्ही हातांत कप घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले होते. "हे कुठलं?"

"पाकिटातलं."

"मग माझं?"

"तुमचं कशातलं होतं?"

तेव्हा हकिकत बाहेर आली. पाकिटातला हिरवा रंग काकांना पसंत नव्हता. दुकानात पिवळं गवतही मिळायचं, पण त्यांच्या मते ते गव्हाचं काड होतं. त्यांना हवा होता त्यांच्याकडचा रंग, दिवाळीनंतर गवत खालून हिरवट आणि वरून करडं-पिवळं होतं तो. म्हणून त्यांनी सगळं गवत आधी तांदूळ धुतो तसं पाणी बदलून बदलून धुतलं होतं. मग चहाच्या आणि हळदीच्या पाण्यात भिजवलं होतं. मग पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा धुतलं होतं आणि काकूंच्या जुन्या सुती साडीवर पसरून वाळवलं होतं.

"पण धुतलंत कशाला?"

"म्हणजे?" काकांना माझा प्रश्नच कळेना. "बाहेरून आलेली वस्तू धुवायची नाही?"

वरून काकूंचा आवाज आला, "हिंग तेवढा सोडून सगळं धुतात हे!"

चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ते हेच. कारखान्यात त्या तुकड्यांना कसलं तरी पातळ लेपण देतात, त्याच्यामुळे ते वीज धरतात. ते लेपण काकांनी दोनदा धुऊन सिंकमध्ये सोडलं होतं, आणि जानेवारीपासून आम्ही बिचाऱ्या रॅकेटला झाडत होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणणाऱ्या काकांना गवताचा संशय एकदाही आला नव्हता. कारण ते त्यांनी स्वतःच्या हातानं स्वच्छ केलं होतं. स्वच्छ केलेल्या वस्तूत दोष असू शकतो, हे आपल्या लोकांच्या डोक्यातच येत नाही. माझ्याही आलं नव्हतं, आणि मला तर चुका शोधायचा पगार मिळत होता.

काका चिडले नाहीत. कप ठेवून ते हिरव्या गवताकडे डोळे बारीक करून बघत राहिले. "हे चालणार नाही पण," ते म्हणाले. "हे पाहून बाई म्हणेल, कोण्या साहेबाच्या बंगल्यातलं आणलं. मला माझं धुतलेलंच उभं पाहिजे. गेलेली वस्तू परत कशी द्यायची, सांग."

तो शनिवार आम्ही निव्वळ तर्क लढवण्यात घालवला, आणि खरं सांगते, अमेरिकेतल्या माझ्या सुखाच्या दिवसांपैकी तो एक. काका म्हणत होते, मिठाचं पाणी. मी म्हणत होते, ग्लिसरीन. काकू कपड्यांची बादली घेऊन लाँड्रीकडे चालल्या होत्या, त्या थांबल्या. "माझी नायलॉनची साडी हिवाळ्यात अंगाला चिकटते, तेव्हा मी धुताना पाण्यात सॉफ्टनर घालते. मग चिकटत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं गवत पण एकमेकांना चिकटूनच राहिलं ना?"

"अगं, पण सॉफ्टनरनं स्टॅटिकची वीज जाते," काका म्हणाले. "आपल्याला तर स्टॅटिक पाहिजे."

"मग घालून बघा ना. एरवी तर सगळं घालून बघता."

वाटीभर गवत सॉफ्टनरच्या पाण्यातून काढलं, पुन्हा त्याच साडीवर वाळवलं. दुसऱ्या दिवशी मी बर्फातून गाडी काढून नुसतं तेवढ्यासाठी गेले. काकांनी गाळणी हलवली. गोळे झाले नाहीत. करडं-पिवळं गवत सुटं सुटं खाली आलं आणि गोंदात उभं राहिलं, थोडं इकडे झुकलेलं, थोडं तिकडे, खऱ्या गवतासारखं. काका जागेवरच मटकन बसले. या वेळी त्यांना झटका बसला नव्हता. मग म्हणाले, "पाहिलं? ज्या काडीला वीज पुढं देता येत नाही, ती काडी बाजूच्या काडीला धरून पडते. सॉफ्टनरनं ती सुटी झाली." त्यांचे डोळे भरून आले होते, तरी ते कारणच सांगत होते. कारण सापडल्याशिवाय त्यांना आनंद होता येत नसे.

मार्चभर त्यांनी रुळाच्या दोन्ही कडांना गवत लावलं. बेसमेंटमध्ये पाऊल टाकलं की सॉफ्टनरमधल्या लव्हेंडरचा वास यायचा.

एप्रिलमध्ये बाई आल्या. मी त्यांना आत्या म्हणू लागले. लहानखुरी बाई, लुगडं, त्याखाली काकूंनी घेऊन दिलेले पांढरे बूट. गुडघे दुखत होते म्हणून बेसमेंटचा जिना त्या एकेका पायरीवर बसत उतरल्या. काका खाली उभे राहून "हळू, बाई, हळू" करत होते आणि स्वतःच धडपडत होते. त्यांनी सगळे दिवे लावून ठेवले होते.

आत्या प्लायवुडजवळ आल्या आणि उभ्या राहिल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं बघत राहिल्या. काकांना ते सहन होईना. ते रॅकेट, व्होल्टेज, गाळणी, सॉफ्टनर असं सगळं भराभरा सांगू लागले. आत्यांनी एक हात वर केला, तसे ते गप्प झाले. आत्यांनी वाकून गवतावरून तळवा फिरवला, अगदी वरच्यावर, टोकं लागतील एवढाच. मग तळव्याचा वास घेतला.

"साबनाचा वास येऊन राहिला," त्या म्हणाल्या.

काकांनी मान खाली घातली.

"पन गवत आपलंच हाये." त्यांनी डोळ्यांपाशी पदर नेला आणि पुन्हा खाली वाकल्या. "कापाले आलं हे."

"नाही बाई," काका घाईनं म्हणाले. "हे कापायचं नाही. हे तुला उभं पाहायला केलं. तू म्हणत होती ना, एखाद्या वर्षी ठेवून पाहू. तर हे ठेवलं."

आत्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. एवढं मोठं पोर आणि अजून काही कळत नाही, असं कौतुक होतं तिच्यात.

"पाहलं न बाप्पा उभं," त्या म्हणाल्या. "पोटभर पाहलं. आता कापू दे. उभं ठेवाले कायले उगवलं मंग?"

ज्या टेबलावर कोणाला कोपर टेकू दिलं नव्हतं, त्या टेबलाकडे काकांनी एकदा पाहिलं. मग जिना चढून गेले आणि काकूंची नखं कापायची कात्री घेऊन आले. मी खुर्ची पुढे सरकवली. आत्या बसल्या, डाव्या हाताच्या चिमटीत गवताचा एक झुबका धरला आणि बुडापासून कापला. मग दुसरा, मग तिसरा. रुळाच्या कडेला बोटभर जागा मोकळी झाली आणि ते छोटं स्टेशन मला पहिल्यांदाच माणसांच्या वावरातलं वाटलं.

"आता दिसते आपलं ठेसन," आत्या म्हणाल्या. कापलेल्या काड्या त्यांनी तळहातावर घेतल्या आणि न बघताच हात बाजूला केला, तिथं कोणी तरी उभं असणारच अशा खात्रीनं.

काका तिथं उभे होते. त्यांनी त्या काड्या घेतल्या, टोकं बोटानं ठोकून सारखी केली, शर्टाच्या बाहीचा एक दोरा दातानं तोडला, दोन वेढे दिले, पीळ मारला आणि टोक आत खोचलं. नखाएवढी पेंढी झाली. ती त्यांनी फलाटाच्या कडेला ठेवली आणि पुढच्या काड्यांसाठी हात पुढे केला. आत्या कापत होत्या, काका बांधत होते.

मेनफ्रेमपासून गाळणीपर्यंत हा माणूस काय काय जुळवू शकतो, ते मी पाहिलं होतं. त्याला पेंढी बांधता येते, हे मला त्या दिवशी कळलं.